गमऱ्यांची बारावी डिस्क

"हे एका रविवारचं काम आहे," असं धम्मपाल गमरे म्हणाला, तेव्हा त्याच्या बायकोने, म्हणजे सुनीतीने, तो रविवार कोणत्या महिन्यातला हे विचारलं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली की बायका असले प्रश्न विचारत नाहीत.

काम दिसायला साधं होतं. सुनीती बेलापूरच्या एका शाळेत मराठी शिकवायची आणि गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी शहाबाज गावात जाऊन तिथल्या आगरी बायकांचे धवले कॅसेटवर टिपून आणायची. धवले म्हणजे लग्नातली गाणी. देव बसवण्याचं वेगळं, हळदीचं वेगळं, बाशिंगाचं वेगळं. गावात ती गाणाऱ्या नावाजलेल्या बायका दोन, रखमा आणि गोजरा. दोघी जोडीने गायच्या. सत्त्याण्णव साली रखमा वारली. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत सुनीतीने कॅसेटांचा खोका उघडला, तर रखमाच्या कॅसेटांवर बुरशीची पांढरी साय धरलेली. खाडीकाठची हवा ती. तिथे लोखंडी खिडकीला पाच वर्षांत भोकं पडतात, तिथे कॅसेटचं काय घेऊन बसलात!

सुनीती खाली बसली आणि पदराने एकेक कॅसेट पुसायला लागली. तेव्हा धम्मपालने ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं. "सगळं कॉम्प्युटरवर चढवून टाकू. हे एका रविवारचं काम आहे."

धम्मपाल रबाळ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरांची देखभाल करायचा. त्यामुळे या विषयात घरात त्याचा शब्द शेवटचा होता. बाकी विषयांत तो पहिलाही नसे. त्याने कागदावर हिशेब मांडला. कॅसेटा सेहेचाळीस. घरच्या कॉम्प्युटरमध्ये मावतील पाच. उरलेल्या एक्केचाळीस कुठे ठेवायच्या, या विचारात तो आठवडाभर भात चिवडत होता. मग त्याला कारखान्याच्या स्टोअरमधलं ते कपाट आठवलं.

ते कपाट म्हणजे बारा डिस्कांचा एक लोखंडी सांगाडा. उंची फ्रिजएवढी, वजन दोन फ्रिजांएवढं. नवीन यंत्रं आल्यावर ते भंगारात गेलं होतं. धम्मपालने रीतसर अर्ज केला.

"यंत्र चालू आहे का?" स्टोअरच्या साहेबांनी विचारलं.

"चालू आहे, साहेब."

"मग ते भंगार नाही. चालू माल बाहेर जात नाही."

धम्मपाल दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. "साहेब, बंद आहे."

"बंद आहे तर तुम्हाला कशाला हवं?" साहेबांनी चष्मा काढला. "गमरे, बंद यंत्र घरी नेणारा माणूस एक तर वेडा असतो नाही तर चोर. तुम्ही मला दोन्ही वाटत नाही. म्हणून मला जास्त संशय येतो."

शेवटी 'यंत्र अंशतः बंद असून त्याचा उपयोग केवळ भावनिक आहे' अशा मजकुरावर तीन सह्या झाल्या आणि सव्वा महिन्याने गेटपास मिळाला.

कपाट टेम्पोतून उतरलं तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी सिताराम मयेकर जिन्यातच उभे होते. मयेकर सेल्स टॅक्समधून रिटायर झाले होते, पण नोटीस काढायची सवय रिटायर झाली नव्हती. चार हमालांनी कपाट तिसऱ्या मजल्यापर्यंत नेताना प्रत्येक वळणावर भिंतीचा एकेक टवका उडाला आणि मयेकरांनी प्रत्येक टवक्याची जागा, वेळ आणि लांबी टिपून घेतली.

"गमरेसाहेब, ही वस्तू म्हणजे नक्की काय?"

"यात गाणी ठेवायची आहेत."

मयेकरांनी कपाटाची उंची नजरेने मोजली. "एवढं मोठं? मग रेडिओ एवढासा कसा असतो?"

संध्याकाळी त्यांनी सोसायटीचा फॉर्म आणला. 'विजेवर चालणारी उपकरणे' या सदरात टीव्ही, मिक्सर, फ्रिज, गीझर एवढेच पर्याय होते. 'इतर' लिहिलं तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागणार होता. दोघांनी मिळून विचार केला आणि धम्मपालने 'फ्रिज (दुसरा)' असं लिहून सही केली. त्या दिवसापासून अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्या कपाटाचं नाव गमऱ्यांचा दुसरा फ्रिज असं पडलं. उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरून बर्फ मागायला माणसं येऊन गेली, ती निराळीच.

मयेकरांना आणि सुनीतीला धम्मपालने एकदाच काय ते समजावून सांगितलं.

"समजा, तीन डिस्कांवर तीन आकडे लिहिले आणि चौथीवर त्यांची बेरीज. आता एखादी डिस्क मेली, तर बेरजेतून उरलेले आकडे वजा करायचे. मेलेला आकडा सापडतो."

"आणि बेरजेवालीच मेली तर?" सुनीती म्हणाली.

"पुन्हा बेरीज करायची. शिवाय बेरजा एकाच डिस्कवर ठेवायच्याच नाहीत, नाही तर तिलाच सगळी दगदग होते. एक बेरीज हिच्यावर, पुढची तिच्यावर. सगळ्यांत वाटून टाकायच्या. अशा अकरा डिस्का कामाला लावल्यात."

"कपाटात तर बारा आहेत," मयेकर म्हणाले. मोजणी हा त्यांचा प्रांत होता.

"बारावी राखीव. ती नुसती चालू राहणार, फिरत राहणार. काम काही नाही. एखादी मेली की तिच्या जागी आपोआप उभी राहणार."

"स्टेपनी!" मयेकरांचा चेहरा उजळला. "म्हणजे सरकारी खात्यात असतो तसा. हजर, पण टेबलाला नाही. आमच्या खात्यात होता एक. एकवीस वर्षं हजर होता."

या राखीव जागेसाठी धम्मपालने बारांतली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत संथ डिस्क निवडली. तिला करायचं काय आहे, नुसतं बसायचं तर आहे, असा त्याचा विचार. हा विचार पुढे त्याला महागात पडला, पण तेव्हा तो त्यावर इतका खूश होता की त्याने तो कारखान्यात दोघातिघांना सांगितलासुद्धा.

मग गाणी चढवायला सुरुवात झाली. सुनीतीने एकेक कॅसेट कापसाने पुसून द्यायची आणि धम्मपालने ती लावायची. तासाच्या कॅसेटला पुरता तास लागतो. धवल्याला घाई करता येत नाही. पाच महिने त्या घरात हळद दळली जात होती, मांडव घातले जात होते, न दिसणाऱ्या नवऱ्या बोहल्यावर चढत होत्या. दूधवाला भय्या पिशवी देताना बाशिंगाचं गाणं गुणगुणायला लागला. धम्मपाल एकदा कारखान्याच्या मीटिंगमध्ये नकळत 'पयली हलद कुनाला' म्हणून गेला आणि घरात लग्न आहे असं समजून जनरल मॅनेजरने त्याचं अभिनंदन केलं.

ऑगस्टमध्ये शेवटची कॅसेट चढली. आणि इथे धम्मपालच्या हातून ती गोष्ट घडली. मयेकर गणपतीच्या वर्गणीला आले असताना म्हणाले, "मुलांची गाण्याची स्पर्धा रेकॉर्ड करायचीय. कोऱ्या कॅसेटा कुठे मिळतील?" धम्मपालने कपाटावर थाप मारली. "आमच्या घेऊन जा. सेहेचाळीस आहेत. आम्हाला आता कॅसेटांची गरज उरली नाही."

सुनीती शाळेत होती. दोन दिवसांनी तिने खोका शोधला आणि ती मयेकरांकडे धावत गेली, तोवर रखमाच्या आवाजावर बी विंगमधल्या छोट्या गटाने दोन दिवस मनसोक्त गाऊन घेतलं होतं. रखमाच्या कॅसेटा खोक्यात वरच होत्या, त्यामुळे मान पहिला त्यांचा.

सुनीती ओरडली असती तर धम्मपालला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "म्हणजे आता रखमाबाई फक्त त्या कपाटात आहेत."

"सुरक्षित आहेत. एक डिस्क मेली तरी काही होत नाही."

"आणि एकीच्या मागोमाग दुसरी मेली तर?"

धम्मपालने पंख्याचा वेग उगाचच कमी केला आणि पुन्हा वाढवला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी सात वाजता तिसऱ्या नंबरच्या डिस्कने 'कट्‌, कट्‌, कट्‌' असा आवाज केला. सुपारी कातरल्यासारखा. मग तिचा हिरवा दिवा विझला आणि लाल लागला. धम्मपाल चहाचा कप हातात धरून पाहत राहिला. बाराव्या डिस्कचा दिवा, जो आठ महिने नुसता शांत पेटलेला होता, तो लुकलुकायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. बटण दाबलं नव्हतं. अकरा डिस्कांमधलं आपलं एक माणूस पडलं हे त्या कपाटाला आपलं आपण कळलं होतं आणि राखीव डिस्क उठून कामाला लागली होती. हा प्रोग्राम धम्मपालने स्वतः लिहिला होता. तरीही त्याच्या अंगावर काटा आला.

नेमकी त्याच सकाळी गोजरा आली. महिन्यातून एकदा ती सुकटीची पुडी घेऊन यायची आणि रखमाचा एक धवला ऐकून जायची. पंचाहत्तरीची बाई, पण तीन जिने एका दमात चढायची आणि वर आल्यावर धम्मपाललाच विचारायची, दमलास काय म्हणून.

"बाय, रखमाचा लाव," ती सुनीतीला म्हणाली आणि कपाटासमोर मांडी घालून बसली.

"आज नको हो, आज जरा..." सुनीतीने नवऱ्याकडे पाहिलं.

"लावता येईल," धम्मपाल म्हणाला. "येईल बहुतेक."

त्याने गाणं लावलं. क्षणभर काहीच नाही. मग त्या छोट्या स्पीकरमधून रखमाचा खर्जातला, थोडा घोगरा आवाज आला.

*पयली हलद कुनाला गो, पयली हलद कुनाला,*
*भुईला गो भुईला, धरतरी मायला…*

सुनीती हळूच म्हणाली, "तिसरी डिस्क मेलीये ना? मग तिच्यावरचा भाग कुठून वाजतोय?"

"कुठूनच नाही," धम्मपाल म्हणाला. त्याचाच आवाज त्याला परका वाटला. "तो भाग आत्ता कुठेच लिहिलेला नाही. बाकीच्या दहाजणी आपापलं सांगतायत, त्यातून जे कमी पडतंय ते गणित करून काढलं जातंय. आत्ताच्या आत्ता. आपण ऐकतोय तसं."

गोजराने हे सगळं ऐकलं. तिने लाल दिव्याकडे बोट केलं. "यी डबी मेली?"

"हो."

"न रखमा गातेय?"

"हो."

गोजराने त्या मेलेल्या डिस्कला दोन्ही हात जोडले. धम्मपालला ते अशास्त्रीय वाटलं, पण त्या क्षणी त्याला शास्त्राची बाजू घ्यावीशी वाटली नाही.

गाणं संपलं. धम्मपाल मात्र पडद्यावरच्या आकड्याकडे पाहून अस्वस्थ होता. तासाभरात फक्त आठ टक्के भरलं होतं. दहा डिस्का धडाधड वाचून देत होत्या आणि लिहून घेणारी एकटी ती बारावी, संथ, म्हातारी. दहा वाढपी आणि जेवणारा एक, तोही कवळी बसवलेला. आणि हे भरेपर्यंत आणखी एक डिस्क मेली, तर गणित सुटणार नव्हतं. दोन आकडे हरवल्यावर एका बेरजेतून काय सापडणार?

"काय रं पोरा, ताप आला काय तुना?" गोजराने विचारलं. आजपर्यंत ती त्याला सायेब म्हणायची.

"रिबिल्ड चाललंय. मेलेल्या डिस्कचं सगळं त्या बारावीवर पुन्हा लिहून काढायचं. संध्याकाळ होईल. तोवर दुसरी जाता कामा नये."

"एकटीच लिवतेय?"

"एकटीच."

"मंग टायम लागनारच." गोजराने सुकटीची पुडी सोडून सुनीतीकडे दिली. "रखमा गेली तवा आमचं पन तसाच झाला. चालीस गानी तिच्या एकटीच्या तोंडात. बायका बोलल्या, गोजरे, तू घे सगली. मी बोलली, माझ्या एकटीच्या डोक्यात घातली तर दोन लग्नसराया जातील, न तवर मी पन जाईन! मंग आमी नऊ-धा जनी बसलो. कुनाला पयली ओल ठावं, कुनाला मधली. दोघीतिघींचं जुलवून तुटलेली ओल काढायची, न जिच्याकडं जागा हाय तिनं ती धरायची. या गान्याला या चौघी, त्या गान्याला त्या चौघी. तीन सांजंत समदी गानी उभी र्‍हायली."

"प्रत्येक गाण्याला वेगळ्या चौघी?" धम्मपालने विचारलं.

"त्याच त्याच बसल्या तर त्यांचा घसा बसंल नाय का?"

"आणि शिकून घेणारी अशी वेगळी कोणी नव्हतीच?"

"कशाला? जरा जरा जागा सगल्यांच्याच डोक्यात असते." ती उठली आणि पदर खोचला. "आता कुनी पन मरू दे. मी मेली तरी घोर नाय."

ती जिना उतरून गेली तरी धम्मपाल तसाच उभा होता. आठ महिने तो त्या बारावीला बाजूला बसवून स्वतःच्या हुशारीवर खूश होता. खरं तर राखीव डिस्क नकोच होती. राखीव जागा हवी होती, प्रत्येकीच्या पोटात थोडी थोडी. एक मेली की सगळ्या एकदम वाचतील आणि सगळ्या एकदम लिहितील. हे शहाबाज गावातल्या नऊ-दहा बायकांना तीन संध्याकाळांत सुचलं होतं.

रिबिल्ड संध्याकाळी साडेसातला संपलं. तोवर धम्मपालने जेवण केलं नाही, आणि मयेकर दोनदा 'दुसऱ्या फ्रिजचा आवाज वाढला आहे' हे सांगायला येऊन गेले.

पुढचे तीन महिने घरात शाळेचे चार्टपेपर पसरलेले होते. उरल्या डिस्का अकरा. गाण्याच्या प्रत्येक तुकड्याला त्यांतल्या चार निवडायच्या, तीन आकड्यांना आणि एक बेरजेला. पुढच्या तुकड्याला दुसऱ्या चार. शिवाय कुठल्याही दोघींची गाठ फार वेळा पडता कामा नये. प्रत्येक डिस्कला एक रंग असं करत धम्मपालने चार्टवर सुनीतीच्या टिकल्यांची अकरा रंगांची पाकिटं संपवली. सुनीती बिनटिकलीची शाळेत जायला लागली आणि तिथल्या बाईंनी घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली.

मयेकरांनी एकदा दार ढकललं तर भिंतभर आकड्यांचा तक्ता. त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "गमरेसाहेब, मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, मला हे दिसलं नाही असं समजा. पण आज काय येणार?"

"काय येणार म्हणजे?"

"आकडा हो! ओपन सांगा, क्लोज नका सांगू."

धम्मपालने तासभर समजावून सांगितलं की हा मटका नाही. मयेकर 'समजलं, समजलं' म्हणत गेले आणि जाताना चार-सात-नऊ-अकरा हे आकडे हातावर लिहून घेऊन गेले. ते आले की नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

एकेक गाणं जुन्या मांडणीतून उचलून नव्या मांडणीत ठेवायचं काम मार्चअखेर पूर्ण झालं. सुनीती मधूनमधून म्हणायची, "परत कॅसेटवरही उतरवून ठेवूया ना." धम्मपाल दुखावल्या आवाजात म्हणायचा, "कॅसेट? पुन्हा बुरशीला आमंत्रण?" बारा महिने खपून बांधलेल्या धरणाशेजारी कोणी बादली भरून ठेवायला सांगावी, तसं त्याला वाटे.

मे महिन्यात, एका शनिवारी, पायल आली. पायल रखमाची नात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची हळद होती.

"मॅडम, आजीचा हळदीचा धवला मांडवात लावायचाय," ती म्हणाली. "टेपरेकॉर्डर आहे आमच्याकडे. कॅसेट मिळेल ना?"

"उद्या दुपारपर्यंत देतो," धम्मपाल म्हणाला. त्याने कोरी कॅसेट आणून ठेवली. एका गाण्याचं काम. चौदा मिनिटं.

रविवारी सकाळी बिल्डिंगच्या फळ्यावर मयेकरांची नोटीस होती. 'मीटर रूमच्या दुरुस्तीसाठी दुपारी ठीक बारा वाजता वीजपुरवठा बंद करण्यात येईल. सायंकाळपर्यंत सहकार्य करावे.' धम्मपालने घड्याळ पाहिलं. साडेनऊ. भरपूर वेळ होता.

नऊ चाळीसला सातव्या डिस्कने सुपारी कातरली.

आणि मग त्याने जे पाहिलं ते तो पुढे कितीतरी दिवस कारखान्यात, बसस्टॉपवर, जो भेटेल त्याला सांगत राहिला. नोव्हेंबरात एकच दिवा लुकलुकला होता. या वेळी उरलेल्या दहाच्या दहा दिव्यांनी एकदम जीव धरला. वरून खाली, खालून वर, नुसती लखलख. कुणी थांबलेलं नव्हतं, कुणी कुणाची वाट पाहत नव्हतं. प्रत्येक डिस्क आपल्याकडचं देत होती आणि शेजारणीचं घेत होती. पाच मिनिटांत पाच टक्के झाले. सुनीती हातात पोळपाट घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि तशीच उभी राहिली.

"किती सुंदर दिसतंय हो," ती म्हणाली.

गाणं वाजवलं तर रिबिल्ड मंदावेल, म्हणून धम्मपालने कोरी कॅसेट बाजूलाच ठेवली. सव्वादहाला दुसऱ्या डिस्कने कण्हायला सुरुवात केली. मेची उकाड्याची सकाळ, दहा डिस्का पूर्ण ताकदीने पळतायत, कपाटाला हात लावला तर तवा. धम्मपाल टेबलफॅन घेऊन आला. सुनीतीने शेजारून दुसरा आणला. बातमी फुटली आणि बिल्डिंगमधले पंखे जिना चढायला लागले. सहावा पंखा लावताना मयेकर धापा टाकत वर आले.

"अहो, फ्यूज उडेल! दोनापेक्षा जास्त नको!" त्यांनी स्वतः चार पंख्यांच्या पिना काढल्या आणि स्वतःच्या घरातला वाळ्याचा पडदा भिजवून आणून खिडकीला बांधला. "फ्रिजमधली बाई धोक्यात आहे म्हणे? मग आधी नाही का सांगायचं?"

"मयेकरकाका, बाराची वीज पुढे ढकलता येईल? हे मधेच बंद पडलं तर ही दुसरी डिस्क पुन्हा उठायची नाही."

मयेकरांनी मान हलवली. "सभेचा ठराव आहे. मी सेक्रेटरी आहे, मालक नाही." मग त्यांनी कपाटाकडे, त्या लखलखाटाकडे पाहिलं आणि ते खाली गेले.

वायरमन म्हणाला, लेखी द्या. आयुष्यभर दुसऱ्यांना लेखी मागितलेल्या मयेकरांजवळ सोसायटीचं एकही कोरं लेटरहेड नव्हतं. ते सोसायटीच्या कपाटात आणि किल्ली चेअरमनबरोबर महाडला. मयेकर वायरमनला घरी घेऊन गेले, समोर पोहे ठेवले आणि सेल्स टॅक्स खात्यातल्या आठवणी सांगायला सुरुवात केली. त्या आठवणींतून आजवर कोणी लवकर सुटलेलं नव्हतं. पण हा वायरमन कामाचा पक्का. पोहे संपवून म्हणाला, बारा म्हणजे बारा.

वर शहाण्णव टक्के झाले. सत्त्याण्णव. दुसरी डिस्क आता कण्हत नव्हती, खरवडत होती. धम्मपालने कपाटाला हात लावून ठेवला होता, जणू आजाऱ्याची नाडी धरली आहे.

अकरा बावीसला शंभर टक्के झाले. दहाही दिवे एकदम शांत झाले. सातवीवरचं सगळं उरलेल्या दहांच्या पोटात परत लिहिलं गेलं होतं. पावणेदोन तासही लागले नव्हते.

अकरा एकतीसला दुसरी डिस्क मेली.

नऊ मिनिटं. नऊ मिनिटं आधी मेली असती तर रखमाच्या गाण्यात जागोजाग भगदाडं पडली असती, आणि ती बुजवणारं या जगात काहीच नव्हतं. धम्मपाल जमिनीवर बसला. त्याला रडावंसं वाटत होतं आणि हसूही येत होतं. सुनीतीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला पीठ लागलेलं होतं.

"उठा," ती म्हणाली. "कॅसेट भरायचीय."

अकरा चौतीसला गाणं सुरू केलं. त्यातला काही भाग मेलेल्या सातवीचा, पुन्हा लिहिलेला. काही भाग आत्ताच मेलेल्या दुसरीचा, वाजता वाजता गणिताने काढलेला. कुठे काय होतं हे ऐकून कळत नव्हतं. रखमा सलग गात होती. अकरा अठ्ठेचाळीसला गाणं संपलं आणि बाराच्या ठोक्याला पंखे थांबले.

संध्याकाळी मांडवात जागा नव्हती. पायल पाटावर बसली होती, कपाळाला हळदीचं पहिलं बोट लागलेलं. मयेकर जरीची टोपी घालून, आमंत्रण नसताना, पहिल्या रांगेत होते. धम्मपालने कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

रखमाचा आवाज मांडवभर गेला तशा बायका बोलायच्या थांबल्या. पायलने डोळे मिटून घेतले. गोजरा खांबाला टेकून बसली होती. तिचे फक्त ओठ हलत होते.

गाण्याच्या मध्यावर टेपमधल्या रखमाला खोकला आला. ती थांबली, घसा खाकरला आणि चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी शेजारी बसलेल्या मैत्रिणीला म्हणाली, "गोजरे, फुडचं तू घे गो."

मांडवात बसलेल्या गोजराने ते घेतलं.

टेपमधली गोजराही गायला लागली, पण मांडवातल्या गोजराचा आवाज चढा होता, आणि लगेच एका कोपऱ्यातून एक बाई, दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरी, एकीची ओळ संपायच्या आत दुसरीची सुरू होत होती. रखमाने पुन्हा सूर धरला तो सगळ्यांच्या मधोमध. धम्मपाल उभा होता. तो खोकला कुठल्या डिस्कवर होता, सातवीवर की दुसरीवर, हे त्याला आठवेना. आठवून काही उपयोगही नव्हता. त्याच्या दोन्ही हातांवर शहारे आले होते आणि ते जात नव्हते.

कॅसेटवरचं गाणं कधी संपलं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. बायका पुढच्या धवल्यावर गेल्या होत्या. सुनीती त्यांच्या घोळक्यात जाऊन बसली, आणि कोरी टेप सूं सूं करत फिरत राहिली.